भारंब्यांची दिवाळी

"यंदा आपली दिवाळी दिवाळीच्याच दिवशी," अण्णा म्हणाले.

संध्याकाळची वेळ होती. आई चुलीपुढे भाकरी थापत होती, हर्षल आणि मी ताटं घेऊन बसलो होतो. आईचा हात परातीत तसाच थांबला. तिने अण्णांकडे बघितलं आणि मग पुन्हा भाकरी थापायला लागली. पण ती भाकरी कडेला फाटली. आईची भाकरी कधी फाटत नसे.

"म्हणजे सगळ्यांची असते तेव्हाच?" हर्षलने विचारलं.

"सगळ्यांची असते तेव्हाच."

"पहाटे आंघोळ?"

"पहाटे."

हर्षलने ताट वाजवून नाच सुरू केला. तो तेव्हा दुसरीत होता आणि मी सहावीत. मीही नाचायला हवं होतं, कारण हे ऐकण्यासाठी मी कितीतरी वर्षं थांबले होते. पण आईचा चेहरा बघून माझं मन कशातच लागेना.

आम्ही भुसावळला रेल्वे कॉलनीत राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील प्रल्हाद भारंबे, मालगाडीचे ड्रायव्हर होते. मालगाडीच्या ड्रायव्हरला वार नसतो आणि सणही नसतो. कॉल आला की निघायचं. कॉल घेऊन सायकलवर यायचा तुकाराम. त्या हुद्द्याला कॉलबॉय म्हणत, पण तुकाराम पन्नाशीचा होता आणि त्याला नातवंडं होती. त्याने फाटकाची कडी वाजवली की अण्णा जेवत असोत की झोपलेले, त्याच्या वहीत सही करायचे आणि दोन तासांत पेटी उचलून जायचे. परत केव्हा येतील ते त्यांनाही माहीत नसायचं.

त्यामुळे आमची दिवाळी अण्णा घरी येतील त्या दिवशी व्हायची. कधी दोन दिवस उशिरा, एकदा तर चांगली आठवडाभर उशिरा. सगळ्या कॉलनीतले आकाशकंदील उतरलेले असायचे आणि आमच्या घरी आई सकाळी दहा वाजता अण्णांच्या पाठीला उटणं चोळत असायची. आमचे फटाके वाजायला लागले की दुसऱ्यांची मुलं आमच्या अंगणात गोळा व्हायची, कारण त्यांचे संपलेले असायचे. "भारंब्यांची दिवाळी आली रे!" असं ओरडत यायची. त्यांना मजा वाटायची. मला लाज वाटायची. शाळेत 'मी दिवाळी कशी साजरी केली' हा निबंध आला की मी शेजारच्या मेढ्यांची दिवाळी लिहून द्यायची.

मेढेकाका आदल्या दिवाळीपर्यंत इंजिनं दुरुस्त करायच्या शेडमध्ये फिटर होते. त्यांना सणाची सुट्टी मिळे. काकू नवीन लग्न होऊन आलेल्या, हौशी. त्यांच्याकडे सगळं जिथल्या तिथे, ज्या त्या वेळी व्हायचं.

अण्णांनी घोषणा केली त्यानंतर चार-पाच दिवस ते घरीच होते. तुकाराम आमच्या दारावरून सायकल हाकत पुढे जायचा, थांबायचा नाही. मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला कॉल नाही?"

"सुट्टी घेतली आहे."

"इतकी?"

"इतकी."

अण्णा सलग इतके दिवस घरी कधी राहिलेच नव्हते. ते घरात मावत नव्हते. स्वयंपाकघरात आले तर आईला वाट द्यायला भिंतीला टेकून उभे राहायचे. बाहेरच्या खोलीत बसले तर आम्हाला अभ्यास करताना उगाच चोरट्यासारखं वाटायचं. एरवी ते आले की आई त्यांना समोर बसवून घ्यायची, ते खोबरं किसायचे, गाडीतल्या गमती सांगायचे, आणि तिच्या करंज्या त्या गप्पांत होऊन जायच्या. आता ते दिवसभर समोर होते आणि सांगण्यासारखं काही नव्हतं. ते किसत राहिले, आई लाटत राहिली. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर फिरून या ना."

ते बाहेर गेले आणि भलामोठा आकाशकंदील घेऊन आले. तो दारातून आत येईना. मग ते फटाके घेऊन आले, माझ्यासाठी जरीचा घागरा, आईसाठी साडी. आई साडी हातात धरून म्हणाली, "हे कशाला आता?" ती "आता" जरा वेगळंच म्हणाली.

धनत्रयोदशीला मी काकूंकडे रांगोळीचे रंग आणायला गेले. काकूंनी पुड्या काढून दिल्या आणि हळूच विचारलं, "काय गं निमा, भाऊ घरी काय करून राह्यले?"

"काही नाही. सुट्टी आहे त्यांना."

"हो का." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आमचे हे सांगत होते, भाऊंना गाडीवरून उतरवलं म्हणून. मला वाटलं, तुला माहीत असेल."

गाडीवरून उतरवलं. मी पुड्या घेऊन घरी आले. कॉलनीत असा एक माणूस होता ज्याला गाडीवरून उतरवलं होतं. तो दारू पिऊन ड्यूटीवर गेला होता. त्याच्या मुलांशी कुणी खेळत नसे. अण्णा तर पीत नव्हते. मग त्यांनी काय केलं असेल? सिग्नल चुकवला असेल? कुणी गाडीखाली आलं असेल? आणि असं काही केलेला माणूस जरीचा घागरा कशाला आणेल?

आई मागच्या ओसरीत पणत्या पाण्यात भिजवत होती. मी विचारलं, "आई, अण्णांनी काही केलं का?"

"काय केलं?"

"काहीतरी वाईट. गाडीवर."

आईने बादलीतून हात काढला. मला वाटलं, मारणार. पण तिने ओला हात माझ्या गालाला लावला. "तुझ्या अण्णांनी काही केलेलं नाही. कुणी काही बोललं तर ऐकायचं नाही. जा, रांगोळी काढ."

मी रांगोळी काढायला बसले, पण ठिपके जुळेनात.

नरकचतुर्दशीला अण्णांनी आम्हाला चारला उठवलं. हवी तशी दिवाळी एकदाची आली होती. बाहेर काळोख, थंडी, लांब कुठेतरी फटाके. अण्णा म्हणाले, "निमा, मेढ्यांकडे डोकावून ये. आधी तेल लावतात की आधी ओवाळतात?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"आपल्याकडे कुठे हे धड झालंय कधी? जा, बघून ये."

मी कुंपणाच्या भिंतीवरून वाकून बघितलं. काकूंनी पाट मांडला होता, भोवती रांगोळी, समईच्या उजेडात काका उघडे बसले होते. मी परत येऊन सांगितलं, "आधी तेल." मग अण्णांनी विचारलं, "आणि कारिट कधी फोडतात?" मी पुन्हा गेले. असं तीन-चार वेळा झालं. आंघोळीचं पाणी गार झालं. हर्षल पाटावर बसल्याबसल्या झोपला. आईने आम्हाला ओवाळलं तेव्हा ती कुठे भलतीकडेच बघत होती, आणि अण्णा तिच्याकडे बघत होते. सकाळी सात वाजता सगळं उरकलं होतं आणि आम्ही चौघं नवे कपडे घालून, फराळाच्या बशा पुढे घेऊन, एकमेकांकडे बघत बसलो होतो.

"झाली की दिवाळी," अण्णा म्हणाले. जरा मोठ्यानेच.

मला रडू यायला लागलं होतं आणि कशाचं ते कळत नव्हतं.

लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी होतं. दुपार उलटली तेव्हा अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. कोपऱ्यावरून कुणीतरी सायकलवर आलं.

"कोण आहे तो?" अण्णांनी मला विचारलं.

मला आश्चर्य वाटलं. सगळी कॉलनी ज्याला ओळखते त्याला अण्णांनी ओळखलं नाही. "तुकाराम," मी म्हटलं.

तुकाराम आमच्या दारावरून पुढे गेला आणि मेढ्यांच्या फाटकाशी थांबला. मेढेकाका त्या उन्हाळ्यातच शेड सोडून गाडीवर गेले होते, असिस्टंट ड्रायव्हर म्हणून. कडी वाजली. काका बाहेर आले, अंगावर नवा सदरा.

"आज रे?" ते म्हणाले.

"मी काय करू भो," तुकाराम वही पुढे करत म्हणाला. "गाडी लागली. इगतपुरी. सहाला निघायचं."

काकांनी सही केली. काकू आपल्या लहानग्या छकुलीला कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या. आत चौरंग मांडलेला दिसत होता, त्यावर झेंडूची माळ. त्या नुसत्या खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. छकुली त्यांच्याकडे बघून रडायला लागली.

अण्णा उठले. भिंतीपाशी गेले.

"काकू," ते म्हणाले. ते काकूंशी फारसं बोलत नसत. "आज पूजा करू नका."

काकूंनी वर बघितलं. "असं कसं भाऊ? लक्ष्मीपूजन आहे आज."

"आहे. पण लक्ष्मी थांबते. आमच्याकडे इतकी वर्षं थांबली. सुधाकर परत आला की करा."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील थोडं. मग त्यांची पोरं तुमच्याकडे फटाके उडवायला येतील." अण्णांनी आमच्या दाराकडे बघितलं. "आम्हीसुद्धा तेव्हाच करू. तुमच्याबरोबर."

मी मागेच उभी होते. "आपण का?" मी ओरडले. "आपल्याला कुठे कॉल आलाय? तुम्ही तर घरी आहात!"

"निमा," आई दारातून म्हणाली. तिचे हात पुरणाने भरलेले होते. मी वळले. मला वाटलं, आई तरी माझ्या बाजूने बोलेल. पण आई हसत होती. आठवडाभरात मी तिला हसताना बघितलं नव्हतं.

मला काहीच समजेना. ज्या दिवसासाठी मी आयुष्यभर झुरले तो उंबऱ्यापर्यंत आला होता, पणत्या भरून तयार होत्या, आणि हे दोघं तो खुशाल परत पाठवत होते. मी घागऱ्याची ओढणी काढून फेकली आणि मोठमोठ्याने रडायला लागले.

अण्णांनी ओढणी उचलली, झटकली. "चल माझ्याबरोबर," ते म्हणाले.

"कुठे?"

"पुलावर. सुधाकरला सोडायला."

स्टेशनचा पादचारी पूल आमच्या घरापासून लांब नव्हता. वाटेत अण्णांनी माझा हात धरला होता. मला वाटलं, ते मला सांभाळत आहेत. पुलाच्या पायऱ्यांपाशी माझ्या लक्षात आलं की ते पाय चाचपून टाकत होते.

वर जाऊन आम्ही कठड्याला टेकलो. अंधारून येत होतं. मागे सगळी कॉलनी दिव्यांनी भरून गेली होती, गावातून फटाक्यांचा आवाज येत होता. समोर रुळांचं जाळं आणि मालगाडी उभी. इंजिनाच्या खिडकीत मेढेकाका दिसत होते.

"निमा, सिग्नल कसला आहे?"

"कुठला?"

"त्या गाडीच्या पुढचा. उजवीकडचा खांब."

"लाल."

"बरं. हिरवा झाला की सांग."

मी त्यांच्याकडे बघितलं. "तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतो. पण नीट एक दिवा असा दिसत नाही. फुलबाजीसारखा दिसतो, सगळीकडे पसरलेला. लाल आणि पिवळा लवकर वेगळा कळत नाही." ते हे इतकं साधेपणाने म्हणाले की मला आधी त्याचा अर्थच लागला नाही. "डॉक्टरांनी तपासलं. पुन्हा तपासलं. आता गाडी नाही मिळायची."

"म्हणून उतरवलं?"

"कोण म्हणालं उतरवलं?"

मी कठड्याचा रंग नखाने खरवडायला लागले. ते हसले. "हो. म्हणून उतरवलं."

"तुम्ही काही केलं नाही?"

"मी काय करणार बाळा? मी तर आजवर कुणाला खरचटूही दिलं नाही."

मला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच भीती वाटली. "मग आता?"

"ऑफिसात बसवतील कुठेतरी."

"रोज घरी यायचं?"

"रोज. संध्याकाळी सहाला."

"मग हे चांगलं आहे ना?"

"मला नाही कळत, निमा," ते म्हणाले. "तुझ्या आईलाही नाही कळत. ती रात्र रात्र जागायची, आता सुखाने झोपेल. हे चांगलंच म्हणायचं. मला वाटलं, एवढं होतंय तर निदान तुम्हाला खरी दिवाळी दाखवू. पण मला काही जमेना. तुम्ही सगळे माझ्या तोंडाकडे बघून राहिले आणि मी मेढ्यांच्या."

"मीच तर बघून येत होते," मी म्हटलं.

"हो, तूच." ते परत हसले. "आपल्याला बाकी काही येतच नव्हतं गं. मी आलो की आपली दिवाळी. एवढंच होतं." ते कठड्यावर हात ठेवून खाली बघत होते. "आता मी कुठून येऊ?"

मी त्यांच्या बोटांना धरून उभी राहिले आणि सिग्नलकडे बघत राहिले, डोळे न मिटता, कारण ते काम मला सांगितलं होतं.

"हिरवा," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. अण्णा, गाडी हलली. काका हात करतायत."

"कुठे?"

"डावीकडे. अजून थोडं."

अण्णांनी डावीकडे हात हलवला. गाडी पुलाखालून जाताना पूल थरथरला. तिचा शेवटचा डबा जाईपर्यंत ते तसेच हात वर करून उभे होते.

त्या संध्याकाळी कॉलनीत दोनच घरांना रोषणाई नव्हती. आम्ही खिचडी खाल्ली. आईने पुरण झाकून ठेवलं. काकू छकुलीला घेऊन आमच्याकडेच आल्या आणि आईने त्यांना सांगितलं की पहिली दोन-तीन वर्षं तीसुद्धा अशीच रडायची. अण्णा भिंतीला पाठ टेकून ऐकत होते. "मला कधी सांगितलं नाहीस," ते म्हणाले. आई म्हणाली, "तुम्ही होता कुठे सांगायला?" आणि सगळे हसले. इतक्या दिवसांत अण्णा त्या घरात पहिल्यांदाच मावल्यासारखे दिसले.

पुढे अण्णांना लॉबीत बसवलं. कुणाला कुठल्या गाडीवर पाठवायचं ते तिथे ठरायचं. त्यांनी तुकारामच्या हाती कितीतरी घरांना ऐन सणाचे कॉल पाठवले आणि त्याबद्दल लोकांच्या शिव्याही खाल्ल्या. ते त्यांना कधी आवडलं असं मला वाटत नाही. शस्त्रक्रिया करून एक डोळा थोडा सुधारला, दुसरा नाही. पण हे सगळं नंतरचं.

मेढेकाका भाऊबिजेच्या दुपारी आले. हर्षल आणि मी सकाळपासून भिंतीवर चढून बसलो होतो. कोपऱ्यावर त्यांची पेटी दिसली तसा हर्षल ओरडला, "आले! आले!" आणि आई चुलीवरची कढई उतरवून बाहेर धावली. काकू तिच्याही आधी धावल्या. काकांचे डोळे लाल झाले होते, तोंडावर धूळ. आमच्या अंगणात मांडलेला चौरंग बघून ते जागच्या जागी थांबले.

"अरे, हे काय? भाऊ, तुम्हीपण थांबले?"

"आधी आंघोळ," अण्णा म्हणाले. त्यांनी स्वतः बंब पेटवला होता. मग ते आमच्याकडे वळले आणि गाडीवर हुकूम द्यावा तसे भराभर सांगायला लागले. हर्षल, पाट आण. निमा, उटणं कालव. पुन्हा तेल लावायचं की नाही, हे विचारायला त्यांनी मला कुणाच्याच घरी पाठवलं नाही. काका नको नको म्हणत असताना त्यांनी त्यांच्या डोक्यावर तेल ओतलं आणि चोळता चोळता विचारत राहिले, गाडी कुठे अडकली, घाटात कशी चालली, मुक्कामाच्या रनिंग रूममध्ये जेवण कसं होतं. काका सांगत होते आणि मध्येच अण्णा त्यांना सांगत होते. करंज्यांचं ताट तेवढ्यात अर्धं झालं.

कॉलनीतली पोरं गोळा झाली होती. पूजा झाली. आईने आणि काकूंनी अंगणाच्या भिंतीवर दोन्ही घरांच्या पणत्या एका रांगेत मांडल्या. दुपारचं कडक ऊन होतं, डोळे उघडवत नव्हते. आई एकेक वात पेटवत टोकापर्यंत गेली, काडी विझवली आणि मागे वळून बघितलं.

एकही ज्योत दिसत नव्हती.

"लागल्या का हो ताई?" काकूंनी विचारलं.

"लावल्या तर आहेत," आई म्हणाली.

मी डोळ्यांवर हात धरून बघितलं. हर्षल पार नाक लावून वाकला. मेढेकाका डोळे बारीक करून म्हणाले, "मला तर काही दिसत नाही."

अण्णा उठून भिंतीपाशी आले. त्यांनी पहिल्या पणतीवर हात पालथा धरला, जरा वर, आणि थांबले.

"ही आहे," ते म्हणाले.

मग पुढची. "ही आहे." मग तिच्या पुढची. ते रांगेने सरकत गेले, सगळी पोरं त्यांच्यामागून गप्प सरकत गेली. एका पणतीवर त्यांचा हात बराच वेळ राहिला. त्यांनी तो आणखी खाली नेला.

"ही नाही लागली, निमा," ते म्हणाले.

मी आईच्या हातातून काडेपेटी घेतली आणि पुढे झाले.